आठ दिवसांच्या गोळ्या

औषधाच्या खिडकीमागं वीस वर्षं बसलं की किस्से आपोआप साठतात. मुदत संपलेल्या गोळ्या फेकता येतात, किस्से फेकता येत नाहीत! पूर्वी घरी जाऊन बायकोला सांगायचो. ती गेली, तेव्हापासून संध्याकाळी कुलूप काढतो आणि सांगायचं तसंच पोटात राहतं. फार एकटं वाटतं. म्हणून आज तुम्ही ऐका.

आमचा सरकारी दवाखाना मंठ्याच्या पुढं. तिथं माझा एक नियम आहे. बीपी-शुगरच्या पेशंटनं गोळी कशी घ्यायची ते मला परत सांगायचं. बरोबर सांगितलं तर महिन्याच्या गोळ्या. चुकलं तर आठच दिवसांच्या, पुढच्या बुधवारी पुन्हा या!

*

नियम आला जनाबाईंमुळं. महिनाभर गोळ्या देऊनही त्यांचं बीपी खाली येईना. पिशवीतलं पाकीट बघितलं तर अर्धं भरलेलं!

"सोमवारी, गुरुवारी, चतुर्थीला न्हाई घेतली. उपास मोडतो ना!"

"मावशी, गोळीनं उपास मोडत नाही."

"तुमी देवाला इचारलं का?"

शेवटी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "भगरीसोबत घ्या." तेव्हा कुठं जनाबाईंचा चेहरा खुलला. "मंग चालतंय!"

*

एका मामांना सांगितलं, मीठ कमी करा. पुढच्या खेपेला छाती फुगवून आले. "बिलकुल बंद केलं! भाजीत चिमूटभर न्हाई."

"मग जेवता कशाशी?"

"ठेचा, लोणचं, पापड!"

हसलो खरा, पण चूक आमचीच. आम्ही मीठ म्हणालो, ठेच्याचं नाव कुठं घेतलं होतं?

*

आणखी एक गडी. चिठ्ठीवर लिहिलेलं, जेवणानंतर तीन वेळा. पाच दिवसांनी विचारलं, "तीनदा घेतली ना?"

"आमी जेवतोच दोनदा. तिसरी बायकोला दिली."

"अहो, तिला काय झालंय?"

"काई न्हाई. पण वाया कशाला घालायची!"

*

आता गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले, घरात एकटेच. मुलगा पुण्याला. गोळ्या दोनच : पांढरी सकाळी, गुलाबी रात्री. पाकिटावर मी सूर्य आणि चंद्रसुद्धा काढून दिले. तरी दर बुधवारी गुरुजी उलटंच सांगायचे आणि आठ दिवसांच्या गोळ्या घेऊन जायचे. जन्मभर पोरांकडून पाढे पाठ करून घेतलेला माणूस! मला काळजी वाटायला लागली.

"गुरुजी, मुलाला फोन करून सांगू का, विसरायला होतंय म्हणून?"

"करा की. उचलला तर मलाबी सांगा."

हातात घेतलेला फोन मी परत ठेवून दिला.

परवाच्या बुधवारी खिडकीतून बघतो तर बाहेरच्या बाकावर गुरुजी जनाबाईंना शिकवत होते. जनाबाईंनाही आता त्याच दोन गोळ्या.

"पांढरी सकाळी न्याहारी झाल्यावर. गुलाबी रात्री जेवल्यावर. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या न्हाईत. हं, म्हणा आता!"

तीनदा म्हणून घेतलं. जनाबाई खिडकीशी आल्या, घडाघडा बोलल्या आणि नियम आल्यापासून पहिल्यांदाच महिन्याच्या गोळ्या घेऊन गेल्या. जाताना गुरुजींना म्हणाल्या, "आता महिनाभर सुट्टी!"

नेहमीप्रमाणं सगळ्यात शेवटी गुरुजी खिडकीशी आले. मागं कोणी नव्हतं.

"सांगा गुरुजी, पांढरी कधी घ्यायची?"

त्यांनी पाकिटावरच्या सूर्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"रात्री," म्हणाले.

मी आठ दिवसांच्या गोळ्या मोजल्या आणि आतलं स्टूल पुढं सरकवलं.

"बसा गुरुजी. तिसरी गोळी बायकोला देणाऱ्याचा किस्सा सांगतो."