कुया तेर्योंच्या गाडीचा पट्टा

कुया तेर्योंच्या बायकोच्या, सेदेसच्या आत्म्यासाठी नऊ दिवस जपमाळेची प्रार्थना चालू आहे, त्यातला आजचा सहावा. येणाऱ्यांना खायला घालावं लागतं म्हणून दुपारी मी त्यांच्या अंगणात गाजरं चिरत बसले होते. तेवढ्यात गोर्यो मेकॅनिक आला. कुया तेर्योंनीच बोलावलं होतं.

कुया म्हणजे थोरले दादा, सगळे त्यांना तसंच म्हणतात; ते आमचे शेजारी. आमच्या लिपा शहराच्या बाजारात जन्मभर कॉफी भाजून विकली. बायकोची किडनी गेली तेव्हा दुकान भाच्याला देऊन टाकलं आणि तिला डायलिसिसला न्यायला एक जुनी गाडी घेतली. किल्ली फिरवण्याआधी क्रूसाची खूण करायचे. सेदेस मागून म्हणायची, "देवाला वाटेत सांगा हो, आधी निघा!"

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या सुमारास गाडी सुरू होताना किंचाळायला लागली. गल्लीतले ओरडायचे, "कुया, डुक्कर कापताय का? जेवायला बोलवा मग!" कुयांनी इथे सगळेच करतात ते केलं. कपड्याच्या साबणाची वडी घेऊन इंजिनाच्या पट्ट्यावर घासली. आवाज गेला. परत आला की परत साबण.

गेल्या आठवड्यात एका सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी उतरली होती. रिक्षानं पोहोचेपर्यंत उशीर झाला, मशीन दुसऱ्याला लागलं होतं. उद्या या म्हणाले. सेदेस त्याच रात्री गेली.

गोर्योनं आपली बॅटरी जोडून गाडी सुरू केली. किंचाळली. दिवे लावले तर जास्तच. मग त्यानं इंजिन बंद करून पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"घसरतोय. काचेसारखा गुळगुळीत झालाय."

"साबणानं?" कुयांनी विचारलं.

गोर्योनं माझ्याकडे पाहिलं. मी गाजरं चिरत राहिले.

"पट्टा जुनाच होता, कुया."

"मी ते विचारलं नाही."

"सैल होता. तेव्हाच आवळला असता तर चाललं असतं. साबणानं आवाज थांबला, घसरणं नाही थांबलं. बॅटरी भरणारं यंत्र याच पट्ट्यावर फिरतं, त्यामुळे बॅटरी भरलीच नाही." तो हात पुसत राहिला. "हो. साबणानं."

"बरं," कुया म्हणाले. अंडी संपली म्हणून सांगितल्यावर म्हणावं तसं. "नवा घाल."

त्यानं नवा पट्टा घातला, अंगठ्यानं दाबून ताण पाहिला. गाडी मुकाट सुरू झाली. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "अरे वा, घसा बरा झाला!" कुणी हसलं नाही.

संध्याकाळी जपमाळ मी चालवली. नमो मरिया म्हणताना कुयांचे ओठ हलत नव्हते. जपमाळेच्या पाच रहस्यांपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, तिसरं संपल्यावर ते उभे राहिले.

"कुणी पट्ट्याला साबण लावत असाल तर लावू नका," ते म्हणाले. "बदलून घ्या. मी लावत होतो."

आणि खाली बसले. खुर्च्यांवरचे सगळे जमिनीकडे बघत होते. कुणीतरी पुढे चालवायला हवं होतं, म्हणून मी चौथं रहस्य सुरू केलं.