गाडी गप बसवणारा आकाराम

गाडी गाती करायला कुणीबी करतंय हो. आमच्या आकारामचं काम निराळं होतं. तो आधी गाडी गप बसवायचा.

मी सुकुमार. बापजादे सगळे हळदीच्या व्यापारात. मलाच काय अवदसा आठवली कोण जाणे, मिरज रोडला गाड्यांच्या साऊंडचं दुकान टाकलं. आकाराम पलूसकडचा, ट्रकांच्या वायरिंगवर हात बसलेला. सतरा वर्षं आमी दुपारचं एकत्र जेवलो. त्याची बायको, राजेश्वरीवैनी, माझ्यासाठी कांद्याबिगर भाजी वेगळी बांधून द्यायच्या.

डीएसपी म्हणलं की म्हातारी माणसं पोलीससाहेब समजतात. त्यो न्हवं! जेवणाच्या डब्याएवढी पेटी असती. टेपमधून येणारा आवाज ती फोडती. कुठल्या स्पीकरला जाड, कुठल्याला बारीक, कुणाला किंचित उशिरा, हे ती ठरवती. बसवायला दोन दिवस जातात, आणि सगळं जोडून झालं की खरी परीक्षा. गाणं बंद, इंजिन चालू. अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला आवळलेली वायर, कुठं कच्ची राहिली असली की स्पीकरातनं शिट्टी येती, आणि रेस वाढवली की शिट्टीबी चढती. एवढी भारी सिस्टीम, आणि कानात डास! आकाराम डिकीत मुंडकं घालायचा आणि मला म्हणायचा, "रेस दे." शिट्टी आली की पत्र्याचा रंग खरवडून वायर पुन्हा आवळायचा. चार-चार वेळा. मग बोट वर करायचा. "मुकी झाली. आता गाऊ दे." त्या कानासाठी साताऱ्यापासनं लोक यायचे.

तीन वर्षांमागं एक दिवस त्यानं पहिल्याच रेसला बोट वर केलं. मला तर शिट्टी चक्क ऐकू येत होती. म्हणलं, चेष्टा करतोय गडी. तर हा बाबा हात पुसत खुशीत म्हणतोय, "आताशा हात बसलाय गड्या. पहिल्या झटक्यात गप हुतीया."

चेष्टा न्हवती ती. जत्रांत साऊंड लावत भिंतीएवढ्या स्पीकरांपुढं त्यानं जवानी घालवली, नंतर बंद गाड्यांत बसून दणके ऐकले. शिट्टीसारखा बारीक आवाज त्याच्या कानातनं गेला होता. जाड सगळं ऐकू यायचं, म्हणून त्याला पत्ताच न्हाई.

तवाच सांगायचं होतं. तिथल्या तिथं. पण तोंड उघडंना. कानावरच तर नाव होतं त्याचं, दुसरं होतं काय त्याच्याजवळ? म्हणलं, जाऊ दे, आपण हाय की. तो चहाला गेला की मी गपचूप पत्रा खरवडायचो, वायर आवळायचो. न्हाईच जमलं तर गिऱ्हाइकाला काहीतरी निमित्त काढून पुन्हा बोलवायचो आणि आकाराम नसताना काम उरकायचो. तीन वर्षं हे चाललं. आणि स्वतःला लय दिलदार समजत होतो मी. दिलदार कसला, डोंबलाचा!

गेल्या वैशाखात मेव्हण्याच्या सोयरिकीला आटपाडीला जावं लागलं. नेमकी त्याच दिवशी साताऱ्याच्या पृथ्वीराज नावाच्या गिऱ्हाइकाची नवी गाडी द्यायची होती. आकारामला फोन करून "उद्या दे" म्हणता आलं असतं. गडबडीत राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो, तर गाडी परत दुकानापुढं उभी. चारी दारं उघडी, आणि शिट्टी रस्त्यापर्यंत येतीया. टपरीवरची माणसं चहाचे कप घेऊन जमलेली. आकारामचं मुंडकं डिकीत. "गप हाय की ओ," तो म्हणत होता.

"काका, कान हायत का नुसती भोकं?" पृथ्वीराज म्हणला. माणसं खदाखदा हसली.

आकाराम चिडला न्हाई. मला बघून त्याचा चेहराच उजळला. "ह्यो बघा, आमचा सुकुमार आला. सुकुमार, तू सांग. हाय का शिट्टी?"

सगळ्यांच्या कानात ती वाजत होती. खोटं बोलू कसा? "हाय," मी म्हणलो.

"बारीक आसंल."

"न्हाई रं. मोठी हाय."

पृथ्वीराजनं वर आणि मीठ चोळलं. "आवं सुकुमारशेठ, आमच्या मावसभावाच्या गाडीची शिट्टी गेल्या वर्षी तुमीच काढली न्हवं, दुसऱ्या दिवशी बोलवून? मग ह्यांना कशाला हात लावू देता?"

आकारामनं डिकी हळूच खाली केली. माझ्याकडं बघत म्हणला, "कवापास्नं?"

"तीन वर्सं झाली."

त्यानं खिशातला स्क्रू ड्रायव्हर बाकावर ठेवला, चप्पल घातली आणि एसटीनं गावाकडं गेला. त्यानंतर दुकानात आला न्हाई.

वैनींनी त्याला मिरजेच्या डॉक्टरकडं नेलं. गेलेलं परत येत न्हाई, डॉक्टर म्हणाला. पण तीन वर्षांमागं कळलं असतं, कानात बोळे घालून काम केलं असतं, तर उरलेलं एवढं गेलं नसतं. हे वैनींनीच मला फोनवर सांगितलं. त्या रडल्या न्हाईत, मी रडलो. ऐकू येईना म्हणून तो वर्षावर्षाला आवाज चढवत गेला, आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो.

गेल्या महिन्यात धीर करून त्याच्या घरी गेलो. तो पुढच्या सोप्यात बसला होता. वैनींनी चहा ठेवला. मी बोलायला लागलो की तो माझ्या ओठांकडं बघायचा.

"शिव्या घाल मला," मी म्हणलो.

"शिव्या कशाला? गिऱ्हाइकाला आपण दोष सांगत न्हाई. गपचूप काढतो आन् हसून गाडी देतो. तू मला गिऱ्हाईक केलंस गड्या, एवढंच."

मान खाली घालून म्हणलो, "माझं चुकलं आकाराम. माफ कर मला."

"आँ? काय म्हणलास?"

मान वर केली. तो माझ्या ओठांकडं बघत थांबला होता. तेच पुन्हा, जरा मोठ्यानं, त्याच्या तोंडाकडं बघून म्हणायचं. एवढंच करायचं होतं मला.

"काय न्हाई," मी म्हणलो. "चहा झकास झालाय."