अक्कांचे वाकडे सांडगे

फोन आला तेव्हा मी कैरी किसत होते. फाल्गुन संपत आलेला, बाजारात नुकत्याच दिसायला लागलेल्या कोवळ्या कैऱ्या. पुतण्या एवढंच म्हणाला, “काकी, आई गेली आमची...” मी फोन ठेवला आणि उरलेली कैरी किसून संपवली. कांदा घातला, गूळ घातला, हिंग-मोहरीची फोडणीसुद्धा दिली. तक्कू कालवून झाल्यावर मग खाली बसले आणि भडाभडा रडले. लोक म्हणतील, काय बाई ही! पण तो तक्कू मला अक्कांनीच शिकवला होता, आणि काम अर्धवट टाकून उठलेलं त्यांना मुळीच खपत नसे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझं माहेर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. भाजी म्हणजे वडिलांच्या पिशवीतून येते ती, एवढंच मला ठाऊक. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला लग्न होऊन वडगाव रासाईला आले, तर ऐन उन्हाळा. भीमेच्या काठचं गाव, पण ऊस सोडला तर रानात हिरवं काही नाही, आणि उसाची काही भाजी होत नाही! मला वाटलं, आता दोन महिने पिठलंच. पण अक्कांच्या ताटात रोज नवं. पाटाच्या कडेची चिगळीची भाजी खुडून आणायच्या आणि मुगाची डाळ घालून परतायच्या. कुणी काकडीसारखं वाळूक आणून दिलं की दाण्याचं कूट घालून कोशिंबीर. कधी शेवग्याच्या शेंगांची आमटी, आणि सकाळी गार ताकातली आंबील तर ठरलेलीच. सगळा स्वयंपाक नऊच्या आत. “वरनं बी आग आन् खालनं बी आग, मानसानं जायाचं कुठं?” असं म्हणत पाण्याचा हबका मारून चूल विझवायच्या.

मी येऊन आठ दिवस झाले असतील. सांडगे घालायचे होते. मटकी, मूग, हरभऱ्याची डाळ रात्री भिजत घातलेली, पहाटे पाट्यावर वाटून त्यात लसूण, जिरं, मिरची आणि किसलेलं वाळूक. घराच्या सपाट धाब्यावर जुनं लुगडं अंथरून आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मला काही येत नव्हतं आणि येत नाही हे सांगायचीही लाज. म्हणून अक्कांच्या हाताकडे बघत बसले. त्या अंगठा आणि मधल्या बोटानं पीठ तोडायच्या, पिठानं माखलेलं अंगठ्याशेजारचं बोट मात्र ताठ वर. मला वाटलं, इथली रीत असेल. मीही बोट वर धरलं. बोटाला कळ लागली, सांडगे एका अंगाला कलते पडायला लागले, तरी मी बाईसाहेब हटून बसलेली! दोन ओळी झाल्यावर सासूबाई वर आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अगं मंगल, तुजं बोट तर धड हाय न्हवं? ते कशाला वर धरलंयस?”

तेव्हा मला कळलं. अक्कांचं ते बोट वरच्या पेरापासून नव्हतंच. लग्नाआधी माहेरी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं. आठ दिवस पदरात आणि पिठात असलेल्या हाताचं तुटकं बोट मला दिसलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता ह्या म्हणणार, नवी जाऊ माझी नक्कल करते. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या... आणि मग जे हसायला लागल्या! डोळ्यांतून पाणी, हात पिठाचे, डोळे पुसायचे कशानं? “ऱ्हाऊ दे आत्याबाई,” त्या सासूबाईंना म्हणाल्या. “येवढ्या वर्सांत मला कुनीतरी जोडीला घावलंय.” त्या दिवसापासून तीच आमची रीत झाली. दरवर्षी धाब्यावर बसलो की त्या म्हणायच्या, “बोट वर,” आणि आम्ही दोघी सुरू. आमच्या घरचे सांडगे भावकीत लांबूनच ओळखू यायचे, सगळे एका कुशीवर निजलेले.

पुढे यांना शिक्रापूरला कंपनीत नोकरी लागली. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. उन्हाळ्यात सांडगे घालायला मी वडगावला जायचे. मुलीची शाळा वाढली तसं तेही सुटलं. मग अक्काच यायला लागल्या. एसटीनं, मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन. असंच एका वैशाखात दुपारी त्या हायवे ओलांडून आल्या. तोंड लाल झालेलं, डबा पदरानं झाकलेला. शेजारच्या खोलीतल्या बिहारच्या भाभी माझ्याकडे बसल्या होत्या. डब्यात डोकावून म्हणाल्या, “ये क्या है? सब टेढ़ा-टेढ़ा...” आणि मी पटकन म्हणाले, “अक्का, कशाला एवढ्या उन्हाचा उपद्व्याप? आता इथं पाकिटात मिळतात हो, मशीनचे. अगदी एकसारखे.”

काळजीपोटी बोलले, असं मी स्वतःला नंतर कितीदा सांगितलं. खोटं आहे. मला लाज वाटली होती. गंजलेल्या डब्याची, वाकड्या सांडग्यांची... आणि हो, अक्कांचीही.

“व्हय का? मंग बेस झालं की,” अक्का म्हणाल्या. पन्हं प्यायल्या, मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि चारच्या गाडीनं गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात पुतण्याबरोबर शेवया आल्या, कुरडया आल्या, मेतकूट आलं. सांडगे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही वर्षी नाहीत. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत आणि मीही मागितले नाहीत. कुठल्या तोंडानं मागणार?

यंदा माघात त्यांना दौंडला दवाखान्यात ठेवलं होतं. मी मऊ भात आणि ताक घेऊन गेले. चार घास खाल्ले आणि माझा हात धरून म्हणाल्या, “मंगल, ते पाकिटातलं सांडगं कसं असत्यात गं?” टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. त्यांना खरंच विचारायचं होतं. जन्मभर सांडगे घातलेल्या बाईला मशीनचे कसे होतात ते जाणून घ्यायचं होतं. अक्का, एकदाच आणलं पाकीट, रश्श्यात घातले की पिठासारखे विरघळतात, तुमच्या सांडग्यांसारखी चव कशालाच नाही... एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण ते सांगायचं तर आधी त्या दुपारचा विषय काढायला हवा होता. मी म्हटलं, “बरे असतात.”

“हां... मंग झालं,” त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. ती आमची शेवटची भेट.

तेव्हापासून घरात कुणी सांडग्याचं नाव काढलं की मी विषय बदलायचे. मागच्या आठवड्यात मात्र मनाशी ठरवलं. डाळी भिजवल्या, शिरूरच्या बाजारातून वाळूक आणलं, गच्चीवर जुनी साडी अंथरली आणि एकटीच बसले. भाभी कपडे वाळत घालायला आल्या होत्या. माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, “दीदी, उंगली में चोट लगी है क्या?”

मी बघितलं. माझं धडधाकट बोट ताठ वर. मला पत्ताच नव्हता. मी ते खाली घेतलं, चिमूटभर पीठ तोडलं आणि साडीवर ठेवलं. सांडगा अगदी गोल, सरळ पडला, थेट पाकिटातल्यासारखा. मी तो उचलून परत परातीत टाकला.

“नहीं भाभी,” मी म्हटलं, “हमारे यहाँ ऐसेच डालते हैं.” आणि बोट वर केलं.