दाखवून येते

"दाखवून येते हं, ताई," म्हणत ती लॅपटॉप पिशवीत कोंबायची आणि निघायची. कुठे, ते विचारायची गरज नसे. ज्याच्यावर फिल्म केली असेल, त्याच्याकडे. इकडे साहेब ओरडत असायचे, आणि ही बया कुठल्या तरी टपरीवर उभी राहून एखाद्या चावीवाल्याला त्याचंच तोंड दाखवत असायची.

अंधेरीत आमचं इंटरनेटवर बातम्यांच्या फिल्म टाकणारं छोटं ऑफिस आहे. मी तिथे मराठी मजकूर लिहिते. ती आफ्रिकेतल्या मलावीहून मुंबईत शिकायला आली आणि शिक्षण संपल्यावर आमच्याकडे कंत्राटावर लागली. कॅमेरा तीच धरायची, आवाज तीच टिपायची, कापाकापीही तीच करायची. चार जणांचं काम एकटीकडून होतंय म्हटल्यावर साहेब खूश. तिचं मराठी मात्र चार-पाच वाक्यांपुढे सरकेना, म्हणून बाहेर जाताना मी सोबत.

रस्त्यात लोक तिच्याकडे वळून वळून बघायचे. तुम्ही-मी सगळेच बघतो, खोटं कशाला बोला? ती हसून कॅमेरा त्यांच्याकडे वळवायची. मग तीच माणसं केस सारखे करायला लागायची.

घाटकोपरच्या एका पिठाच्या गिरणीवर तिने झकास फिल्म केली होती. गिरणीवाल्याने ती पाहिली आणि तोंड पाडलं. "मॅडम, मी म्हातारा दिसतोय. हे केस पिकलेले नाहीत, पीठ आहे ते!" आत त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. दुसऱ्या दिवशी तो डोकं धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून गिरणीत उभा राहिला आणि हिने सगळं पुन्हा घेतलं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे यार, पीठ न लागलेला गिरणीवाला कोण बघणार? ही न्यूज आहे की लग्नाचा अल्बम?"

खरं सांगते, मला साहेबांचंच पटलं होतं. परतताना मी तिला विचारलं, "कशाला गं हा उद्योग?"

तेव्हा तिने इंग्रजीत सांगितलं. तिचं गाव मोठ्या तळ्याकाठी. तिची आई बारीक मासे वाळवून विकायची. कुणी परदेशी पाहुणे येऊन तिचे फोटो काढून गेले. काही वर्षांनी एका मदतीच्या जाहिरातीत आईचा फोटो आला, उदास चेहऱ्याचा. "त्या दिवशी आई सतत हसत होती, ताई. त्यांनी बरोबर न हसलेला फोटो उचलला."

मग चारकोपच्या कोळणींची फिल्म आली. खाडीतली मासळी कमी होत चालली होती, त्यावर. ही चांगली झाली तर कंत्राट वाढवू, असं साहेबांनी कबूल केलं होतं, आणि कंत्राट वाढलं तरच तिला या देशात राहता येणार होतं. ती जीव तोडून राबली. वाळत घातलेला जवळा पाहून तर ती आईच्याच अंगणात आल्यासारखी बागडत होती. हिराबाई नावाच्या कोळणीने बोलता बोलता सांगून टाकलं की घरची होडी विकली, आणि कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडली. साहेबांनी ते पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. "हाच बाईट! हाच पहिला लावायचा!"

ती नेहमीप्रमाणे दाखवायला गेली. मीही होते. हिराबाईचा चेहरा उतरला. "होरी इकली ते नको दाखवू, बाय. पोरीचा लगीन हाय. सोयऱ्यांना सांगितलेला नाय अजून. आमच्यात होरी म्हंजे इज्जत."

तिने एका शब्दाने वाद घातला नाही. हिराबाईला शेजारी बसवून तिच्या डोळ्यांदेखत तेवढा तुकडा पुसून टाकला.

ऑफिसात रण पेटलं. "पुन्हा जा, पुन्हा रडव तिला!" साहेब म्हणाले. तिने मान हलवली, नाही. त्याच महिन्यात कंत्राट संपलं आणि ती मलावीला परत गेली. लग्न काही आठवड्यांवर होतं. साहेबांना तेवढं थांबायला काय झालं होतं? मासळी नासते, अशी बातमी थोडीच नासते? मला अजून राग येतो. आणि वाईटही वाटतं, फार वाईट. तिकडे ती हल्ली कुठल्याशा संस्थेत सभांचे फोटो काढते. हारतुरे, खुर्च्या, पाहुणे. इतक्या गुणाच्या मुलीची आपण वाट लावली.

हिराबाईने लग्नाला आम्हा दोघींना बोलावलं होतं. मी एकटीच गेले. बँडच्या आवाजात तिने माझा हात धरला. "ती कुठं हाय? तिला नाय आनली?"

"गावाला गेली," मी म्हटलं. का गेली ते सांगितलं नाही.

"आली का पाठव तिला," हिराबाई कानाशी येऊन म्हणाली. "जावयाला होरीचा मीच सांगितला काल. हसला नुसता. म्हनतो, आमची पन इकली. आता तिला म्हनाव, पुन्ना ये कॅमेरा घेऊन. सगला पयल्यापासून सांगन. या टायमाला रडनार पन नाय."

"सांगते," मी म्हटलं आणि जेवणाच्या पंगतीत जाऊन बसले.