कापसाला ओल लागू नये म्हणून

माझ्या गावी, खाली कोकणात, चैत्र लागला की ओटीवर नुसतं बसलं तरी घाम गळतो. पाठीला सदरा चिकटतो, माणूस उठतो, माठाकडे जातो. तहान लागल्याचं कुणी सांगायला लागत नाही. वऱ्हाडात आलो तेव्हा मला नवल वाटलं ते याचंच. ऊन असं की डोळे उघडवत नाहीत, आणि सदरा मात्र कोरडा ठणठणीत. गावाकडे जाणारं कुणी भेटलं तेव्हा मी आईला निरोप पाठवला, इकडची हवा मला मानवली आहे, घामसुद्धा येत नाही. आई ऐकून खूश झाली म्हणे.

घाम येत होता. अंगाबाहेर पडला की तिथल्या तिथं सुकत होता, एवढंच. सदऱ्यावर पांढरे डाग राहायचे ते मिठाचे. मी ते रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, धूळ समजून झटकून टाकायचो.

वडील गेल्यावर माझी शाळा सुटली. मोडी वाचता येई, बेरीज-वजाबाकी येई, पुढं काही नाही. गावातले एक गृहस्थ मुंबईत कापसाच्या पेढीवर होते, त्यांनी शब्द टाकला आणि मला अमरावतीला चिकटवून दिलं. त्यांचे उपकार अजून माझ्या डोक्यावर आहेत. तेव्हा मात्र त्या उपकारांची मला भीती वाटायची. काही चुकलं, नोकरी गेली, तर त्यांना तोंड कसं दाखवायचं, हे माझ्या मनात जेवताना असायचं आणि झोपतानाही असायचं.

काम अगदी साधं होतं. त्या वर्षांत वऱ्हाडच्या कापसासाठी जो तो धावत होता. आगगाडी अकोल्यापर्यंत आली होती, अमरावतीपर्यंत यायची होती. मधली वाट बैलगाड्यांची. काही लोक वजन वाढावं म्हणून रुईवर पाणी मारत, म्हणून पेढीनं नियम केला होता की रुईच्या गाडीला पाण्याची घागर टांगायची नाही. पाणी सगळं शेवटच्या, कडब्याच्या गाडीवर. मी गाड्यांबरोबर चालायचं आणि मुक्काम आला की प्रत्येक गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचं, ओल आहे का. हात कोरडा निघाला की माझं काम झालं.

पाणी प्यायचं तर पुढच्या गाड्या सोडून मागं जावं लागे. तेवढ्यात इथं कुणी काही केलं तर? म्हणून मी मागं जायचंच टाळत असे.

पहिल्या गाडीवर एक म्हातारा कुणबी होता. वर्धा नदीच्या काठाला, कौंडण्यपूरच्या बाजूला त्याचं शेत. पेरणीपर्यंत बैल रिकामे, म्हणून गाडी भाड्यानं लावलेली. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. फेट्यात कांदा खोचलेला असे. त्या कांद्यानं ऊन लागत नाही अशी त्याची खात्री होती, आणि दर वेळी संध्याकाळी तो तोच कांदा भाकरीशी खाऊन टाकी. त्याची दुसरी खोड मला सोसत नसे. गाड्या सुटल्या की तो एकेकाकडे बघून मोठ्यानं विचारी,

"मुतला का बे, कोकण्या?"

चारचौघांत. आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. माझे कान तापायचे. बाकीचे गाडीवान सहज हो किंवा नाही सांगत, आणि नाही म्हणणाऱ्याला मामा मागच्या गाडीकडे पिटाळी. मी मान खाली घालून हो म्हणायचो. एक तरुण गाडीवान म्हणाला, "मामा, त्याले इचारू नका, तो नवरीवानी लाजून राहिला."

"लाज अकोल्याले पोचल्यावर कर म्हना," मामा म्हणाला.

मला वाटे, हा माझी टर उडवतो आहे.

उन्हाळ्यात गाड्या एरवी दिवस कलल्यावरच जुंपतात. त्या खेपेला भाव घसरू लागल्याची बातमी होती आणि पेढीच्या शेटजींची घाई होती, म्हणून दिवसाही हाकायचं ठरलं. मूर्तिजापूर मागं पडलं. डाव्या हाताला नव्या रुळांसाठी घातलेला मातीचा बांध, उजव्या हाताला भेगाळलेली काळी रानं, आणि सावलीला एखादी बाभूळ. सकाळी मला तहान लागली होती हे आठवतं. मग ती लागेनाशी झाली. मला बरंच वाटलं. डोकं ठणकत होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते, जीभ टाळूला चिकटत होती, पण तहान नाही. थोड्या वेळानं त्या उन्हात मला थंडी वाजली. अंगावर काटा आला.

आणि मग मला आमची विहीर दिसायला लागली. घरामागची, पोफळीच्या बागेतली. रहाटाची कुरकुर ऐकू आली. आई पाणी ओढत होती आणि पन्हळीतून ते आळ्यात जात होतं. मी त्या पन्हळीकडे चालायला लागलो. प्रत्यक्षात मी रस्ता सोडून रानात निघालो होतो, असं नंतर कळलं.

मामानं मला धरलं तेव्हा त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. या वेळी त्यानं हळू विचारलं, मला एकट्याला ऐकू जाईल असं. "खरं सांग. कवा मुतला होता?"

मी आठवून बघितलं. "काल."

पुढच्या थांब्याचा कडुनिंब बराच लांब होता, तिथवर मला चालवणं शक्य नव्हतं. त्यानं मला उचलून आपल्याच गाडीवर, रुईच्या गठ्ठ्यांवर घातलं, वर तरट ताणून सावली केली आणि मागं हाक दिली की घागर आणा. तरुण गाडीवान घागर घेऊन पळत आला. मामा ती माझ्यावर ओतणार हे दिसताच मी त्याचा हात धरला. हे मला स्वच्छ आठवतं, बाकी सगळं धूसर आहे.

"कापूस भिजेल, मामा."

"भिजू दे."

"माझी नोकरी जाईल."

"नोकरी गेली तं दुसरी भेटन. तुह्या मायले मी काय सांगू? मले तं तिचं गावबी ठाऊक नाई."

आणि त्यानं घागर ओतली. डोक्यावर, छातीवर, पायांवर. पाणी माझ्याखाली गठ्ठ्यात झिरपताना मला कळत होतं आणि मी रडत होतो, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. प्यायला मात्र त्यानं घटाघटा दिलं नाही. गूळ-मीठ कालवून एकेक घोट पाजला, ओकलो तर थांबला, पुन्हा पाजला. गाड्या कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या, बैल सोडले. शेटजींची घाई तशीच राहिली.

दिवस कलला तेव्हा त्या तरुण गाडीवानाचा खांदा धरून मी झाडामागं गेलो. थोडीच झाली, काकवीच्या रंगाची, आणि आग आग झाली. परत आलो तर सगळे माझ्याकडे बघत होते. मामानं विचारलं नाही. मीच मान हलवली. त्यानं फेट्यातला कांदा काढला, बुक्कीनं फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

आम्ही अकोल्याला पोचलो. पेढीचा माणूस आला, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की या गाडीवर पाणी पडलं आहे, आणि ते माझ्यासाठी. त्यानं माझ्याकडे बघितलं, गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला, दुसरीकडे घातला, आणि बाहेर काढून मला दाखवला. हात कोरडा. ज्या उन्हानं मला वाळवलं होतं, त्यानं वाटेत ती घागरभर ओलही पिऊन टाकली होती. मामा बैलांना पाणी दाखवत होता. तो वळूनसुद्धा बघेना.

नंतर रूळ पुढं सरकले आणि ती गाडीवाट मोडली. मी वऱ्हाडातच राहिलो, अजून पेढीवरच आहे. कधी गावी गेलो की आई जेवलास का विचारायची, झोप लागली का विचारायची. आता तीही नाही. वैशाखात दुपारी अंगावर ऊन आलं की मला दोन्ही ठिकाणं एकदम आठवतात, पोफळीतली विहीर आणि ती गाडी, आणि नक्की कुठं जावंसं वाटतंय ते कळत नाही.

एकदा कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो. मामाचं गाव मी कधी नीट विचारलं नव्हतं, तरी गेलो. घाटावर सुटलेल्या गाड्यांमधून हिंडलो, फेट्यांकडे बघत. प्रत्येक गाडीला घागर टांगलेली होती. कार्तिकाचे थंड दिवस, कुणाच्याच फेट्यात कांदा नव्हता. शेवटी नदीवर पोटभर पाणी प्यालो, काठाकाठानं पुढं जाऊन एका बाभळीआड उभा राहिलो, आणि तिथून आपसूक मोठ्यानं तोंडातून गेलं, "मुतलो, मामा."

खाली पाण्यात बैल धूत असलेल्या माणसानं मान वर करून बघितलं. तो मामा नव्हता. तरी त्यानं हात वर केला.