तंबाखूच्या पोत्यातला जोंधळा

निपाणीत जन्मलेल्या माणसाला तंबाखूचा वास येत नाही. नाकाला तो हवेसारखाच वाटतो. बाहेरगावचा पाहुणा मोटारीतून उतरला की नाकाला धोतराचा सोगा लावायचा आणि आम्ही त्याला विचारायचो, "सर्दी झालीया व्हय?" ही गोष्ट आधी सांगितली, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं.

महायुद्ध संपलं होतं, पण दुकानात धान्य मिळत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या आणि संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथला कारकून मूठभर बिड्या बाजूला सारायचा. "ही छाट." म्हणजे वाया गेलेली. छाट बिडीची मजुरी नाही, आणि ती परतही द्यायची नाही. पुढं तीच बिडी बाजारात विकली जायची.

गल्लीतल्या सगळ्यात वयस्क बिडीवालीला आम्ही आक्का म्हणायचो. एके दिवशी ती कारकुनाला म्हणाली, "वाईट हाय तर माझ्या पदरात टाक. चुलीत घालते."

"तसा नेम न्हाय."

"मग तुझा शेट वडतोय व्हय रं माझी वाईट बिडी?"

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत एकीनंही सूप हातात घेतलं नाही. मागणी एवढीच होती, की छाट बिडी आमच्यासमोर मोडा.

पण खायचं काय? ती वाटही बायकांनीच काढली. गावात ज्या घरात संप नव्हता, तिथं सकाळी जात्यावर बसताना पहिली मूठ बाजूला काढून ठेवायची. ती मूठ मारुतीच्या देवळामागच्या खोलीत जमा व्हायची आणि तिथून ज्याच्या घरी चूल थंड असेल त्याला आक्का मापून द्यायची. कोण घेतंय हे कुणी बघायचं नाही, असा तिचा दंडक होता. आसपासच्या खेड्यांतले शेतकरीही बैलगाडीतून जोंधळा आणून ओतायला लागले. मडकी भरली, कणग्या भरल्या. धान्य सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. मी तंबाखूच्या वखारीत पोती शिवायला होतो, तिथली रिकामी पोती मला सहज मिळायची. चांगली बघून आणली, भिंतीवर आपटून झाडली आणि सगळा जोंधळा त्यांत भरला. खोली कशी नीटनेटकी दिसायला लागली! मी स्वतःवर लई खूश होतो.

संप लांबला. निम्म्या बायका उद्या सूप घेणार, अशी कुजबुज सुरू झाली. नेमक्या त्याच संध्याकाळी पोत्यांतला जोंधळा पहिल्यांदा घरोघरी गेला.

जेवणं झाली आणि गल्लीभर उचक्या सुरू झाल्या. कुणाला गरगरायला लागलं, कुणी परड्यात जाऊन ओकलं. जन्मभर तंबाखू चघळणारा एक म्हातारा तेवढा खुशीत होता. "सूनबाई, आज भाकरीला चव हाय बघ!"

"शेटनं जोंधळ्यात जर्दा कालवला," असं कुणीतरी म्हणालं. कारखान्याचा राखणदार दिवेलागणीला देवळामागं दिसला होता, हेही कुणाला तरी आठवलं. सकाळपर्यंत ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्यासारखं झालं. कामावर जायचं बोलणाऱ्या बायकाच आता सगळ्यांत पुढं होत्या. शिळ्या भाकरी पदरात घेऊन सगळी गल्ली कारखान्यावर गेली. मीही होतो.

आक्कानं शेटच्या गादीवर भाकरी ठेवली. "खावा. तुमी खाल्ली की आमी सूप घेतो."

शेटनं भाकरीकडं पाहिलं, मग दाराबाहेरच्या गर्दीकडं पाहिलं. घाम पुसत तो म्हणाला, "छाट तुमच्यासमोर मोडू. झालं? आणि हे ज्यानं केलंय त्याला आत्ता काढतो."

राखणदार हात जोडून म्हणाला, "मालक, मी जोंधळा टाकायला गेलतो, बिघडवायला न्हाय."

सगळे खो खो हसले. त्याला त्याच दिवशी काढलं.

आम्ही हलगी लावून परतलो. धान्य सांभाळणारा म्हणून पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं. खोलीच्या दारात माझी बायको उभी होती. ती वडगावच्या विणकराची लेक, सुताच्या खळीच्या वासात वाढलेली. माहेराहून नुकतीच आली होती. पदर नाकाला लावून तिनं मला खाली वाकायची खूण केली आणि हळूच विचारलं, "अवो, देवळामागं वखार कधी आली?"

"कसली वखार?"

"पोती कुणी आणली ही?"

मी खांद्यावरून उतरलो. एका पोत्यात तोंड घातलं, मला काहीच वास आला नाही. दाणा चावला, तेव्हा जीभ चुरचुरली.

"आत्ताच सांगून टाका," ती म्हणाली.

"आत्ता? लोक नाचायला लागलेत."

"मग उद्या."

दुसऱ्या दिवशी बायकांनी पुन्हा सुपं हातात घेतली. कारकून एकेक छाट बिडी त्यांच्यासमोर मोडत होता आणि त्या हसत होत्या. तेव्हाही मी गप्प बसलो. संपानंतरही मूठ जमा होत राहिली. पोती तेवढी मी गुपचूप बदलली, आणि नवा जोंधळा गोड लागल्याबद्दल माझंच कौतुक झालं. राखणदार मोटारस्टँडवर फुटाणे विकायला बसला. पोरं समोर जाऊन मुद्दाम उचक्या द्यायची. "मामा, जर्दा घातलाय न्हवं फुटाण्यात?" माझी बायको मात्र रोज त्याच्याकडूनच फुटाणे आणायची आणि माझ्यापुढं ठेवायची.

स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी त्याच साठ्यातल्या धान्यावर गल्लीत पंगत बसली. राखणदार लांब, चिंचेखाली उभा होता. बायको उठली, त्याचा हात धरून त्याला आणलं आणि आक्काच्या शेजारी बसवलं. पहिली भाकरी त्याच्या पानात वाढली. मग माझ्याकडं बघत वाढपाचं ताट हातात धरून तशीच उभी राहिली. सगळी पंगत आमच्याकडं बघायला लागली. बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

राखणदारानं घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाला, "आज बरी हाय. शेटनं मला काढल्यापास्नं भाकरी सुधारली बघा."

पंगत हसून लोटपोट झाली. आक्काला ठसका लागला. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या पानातला गूळ त्याला दिला. तेव्हापासून गल्ली त्याच्याशी बोलायला लागली, पण केलं त्यानंच, हे मनातून कुणाच्या गेलं नाही. त्याला माफ केलं, एवढंच.

त्या पंगतीत सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो. बायकोनं मला भाकरी वाढली नाही. माझी मी उठून घेतली.

आता ती नाही, राखणदारही नाही. त्याची नातवंडं निपाणीतच आहेत, आणि आजोबांचा विषय निघाला की अजून त्यांना कुणीतरी उचकी देऊन दाखवतं. त्यांच्यासाठी लिहितो. तुमच्या आजोबांनी त्या खोलीत स्वतःच्या घरातली मूठ नेऊन टाकली होती. पोती मी आणली होती.