गाडीच्या तळातला कापूस

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या आबांना फसवणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. व्यापाऱ्यांना नाही, पुढाऱ्यांना नाही, बुवा-महाराजांना तर नाहीच नाही. हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. कधीच न फसणाऱ्या माणसाच्या शेजारी लहानाचं मोठं होणं हा फार वैतागाचा प्रकार असतो. आबा माझे नात्याने कुणी नव्हेत. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक, आणि गल्लीतल्या लहानथोरांचे ते आबा, त्यांची बायको अक्का. आबांनी उभी हयात कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस. शेतकऱ्याची गाडी केंद्रावर लागली की हा बोलणार, आणि त्याच्या एका शब्दावर एका घराचं वर्ष ठरणार. त्यामुळे शब्द जपून वापरायची सवय त्यांना लागली ती कायमचीच.

गाडीतला वरचा थर नेहमी पांढराशुभ्र असतो, हे खानदेशातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आबा त्या थराकडे बघायचेही नाहीत. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारायची, हात बगलेपर्यंत कापसात खुपसायचा आणि पार तळातून मूठभर माल उपसून काढायचा. मग दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा ओढून त्याची लांबी बघायची, नाकाशी धरून ओल हुंगायची, आणि शेवटी एक सरकी दाढेखाली फोडून तिचा आवाज ऐकायचा. कट्ट वाजली तर माल कोरडा. मध्ये कुठे पाणी शिंपडलेलं असलं, खाली पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, दडवलेली असली, तरी हा माणूस आवाज चढवायचा नाही. एवढंच म्हणायचा, "वरनं बठ्ठं धवळं शे भाऊ. खाले काय शे?" वरचं सगळं पांढरंच आहे, खालचं बोला. समोरचा मग आपणहून जमिनीकडे बघायला लागायचा.

नोकरी संपली, हात काही थांबला नाही. भाजीबाजारात आबा वांग्यांच्या ढिगात असा हात घालायचे की भाजीवाल्या आधीच ढीग उलटा करून ठेवायच्या. साडीच्या दुकानात गठ्ठ्यातली खालून तिसरी साडी काढायला लावायचे. वर्तमानपत्र आतल्या पानावरच्या बारीक नोटिशींपासून वाचायला सुरुवात करायचे आणि पहिल्या पानापर्यंत पोचेस्तोवर जेवणाची वेळ व्हायची. टीव्हीवर चर्चा लागली की आवाज बंद करून नुसते चेहरे बघत बसायचे. पुढे मोबाईल आला आणि भुसावळच्या पुतण्याने त्यांना घरच्या ग्रुपवर घेतलं. कुणी हळदीने अमुक बरं होतं म्हणून पाठवलं, कुणी तमुक देवळात चमत्कार झाला म्हणून पाठवलं, की आबांचं प्रत्येकाला एकच उत्तर जायचं: 'हे तुम्ही स्वतः पाहिलं का?' महिन्याभरात ग्रुपवर स्मशानशांतता पसरली. मग पुतण्याने त्यांना गुपचूप ग्रुपमधून काढलं. उत्तर मिळालं, असं म्हणून आबांनी फोन खिशात घातला.

आता माझं दुखणं ऐका. मी जळगावात जाहिरातींचा मजकूर लिहितो. म्हणजे दावे करणं हाच माझा पोटाचा धंदा. सुरुवातीला एका फरसाणवाल्यासाठी मी 'जळगावात एकच चव' असं लिहिलं आणि मोठ्या हौसेने आबांना दाखवायला आणलं. आबांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि विचारलं की जळगावातलं सगळं फरसाण तू खाऊन पाहिलंस का. बस्स, तेव्हापासून 'नंबर एक' लिहायला गेलो की माझा हात अडतो. आमच्या जाहिराती फार नम्र असतात अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे आणि तिचं मूळ देवपुरात आहे, हे मी मालकाला अजून सांगितलेलं नाही.

एकदा त्यांच्या ओट्यावर टाय लावलेला एक विक्रेता आला. पिकावर फवारायचं टॉनिक विकत होता, गुळगुळीत कागदावर माणसाएवढी कपाशी छापलेली. आबांनी सगळं ऐकून घेतलं. बाटली हातातसुद्धा घेतली नाही. पोरा, गाव कोणतं, वडील काय करतात, एवढंच विचारलं. तो म्हणाला, शिंदखेड्याकडचा, घरी शेती आहे. मग आबांनी हळूच हात तळाशी घातला: तुझ्या बापाच्या कपाशीवर काय मारता? पोरगा भला होता हो. टाय सैल करून म्हणाला, आबा, बाप माझा शेणखतावर आहे. त्याला अक्काने चहा दिला, वर शेवेची वाटी दिली. आजही तो दिवाळीला येतो, आता मोटारी विकतो.

पुढाऱ्यांचं तर विचारूच नका. आमच्या भागात अभ्यासिका बांधायची म्हणून भूमिपूजन ठरलं. मांडव पडला, स्पीकर लागले, वर्षाच्या आत इमारत उभी करतो असं साहेबांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं. सगळे मांडवाच्या पुढच्या बाजूने बघत होते तेव्हा आबा मागच्या बाजूला गेले. तिथे कोनशिला भिंतीला टेकवून ठेवलेली. आबांनी ओल्या रुमालाने तिची पाठ पुसली. पाठीवर आधीच्या साहेबांचं नाव, त्याच अभ्यासिकेचं, त्याच जागेवरचं भूमिपूजन! दुसऱ्या दिवशी टाळ्या पडल्या तेव्हा आबा मला म्हणाले, "दगड मजबूत शे. दोन्ही पक्षांना पुरला." मी त्या सभेत तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. अभ्यासिका अजून व्हायची आहे.

आणि अशा माणसाच्या घरात अक्का! अक्काचा सगळ्यांवर विश्वास. साबणाच्या वडीवर लिहिलेलंही ती खरं मानायची, आणि गल्लीतल्या कुठल्याही पोराने मला बरं नाही म्हटलं की तपासायच्या आधी लाडू द्यायची. मीही त्या लाडवांवर वाढलो. हसायची तर अशी की आमच्या स्वयंपाकघरात आई थांबून ऐकायची. आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्या गल्लीतला झोका आबांच्या दारातल्या निंबाला, आणि पहिला मान अक्काचा. साठी उलटली तरी ती झोक्यावर उभी राहून गाण्याची पहिली ओळ उचलायची. मग गुडघे गेले. दोन पायऱ्या चढताना डोळ्यांत पाणी यायचं. लागोपाठ चार आखाज्या ती ओट्यावर बसून नुसती गात राहिली. मला ते बघवायचं नाही, आबांना त्याहून नाही.

डॉक्टर म्हणाले, गुडघे बदला. अक्काने ऑपरेशनचा एवढा धसका घेतला की जेवण सोडलं. तेवढ्यात तिला कुणीतरी सातपुड्याच्या पायथ्याशी बसणाऱ्या एका महाराजांचं सांगितलं. पाच गुरुवार यायचं, त्यांनी मंत्रलेलं तेल लावायचं, की पाय धावायला लागतात. आबा काही बोलायच्या आत अक्कानेच तोड काढली. ती म्हणाली, तुम्ही चला, तुमच्या पद्धतीने हात घालून बघा. तुम्ही माल खरा म्हणालात तर तेल लावीन, खोटा म्हणालात तर मुकाट्याने ऑपरेशन करून घेईन. आयुष्यभर जिने त्यांच्या शंकेखोरपणाची टिंगल केली, तिने आपले पाय त्यांच्या एका शब्दावर ठेवले.

पहिल्या गुरुवारी मी जळगावहून चोपड्याला जाऊन त्यांना भेटलो. पुढे एस.टी.ने गेलो. महाराजांच्या अंगणात ही गर्दी. अक्का रांगेत बसली आणि पाचच मिनिटांत शेजारच्या बायांच्या माहेरापर्यंत पोचली. आबा आत गेलेच नाहीत. ते जाऊन उभे राहिले एस.टी.च्या थांब्यावर, दर्शन घेऊन परतणाऱ्यांची बस लागते तिथे. मला म्हणाले, पायऱ्या बघ. मी बघितल्या. जी माणसं येताना दांडी धरून, कण्हत उतरली होती, ती जाताना तशीच दांडी धरून, कण्हत चढत होती. पाचव्या गुरुवारवाले तर जास्तच दमलेले. तोंडं मात्र सगळ्यांची हसरी. अक्का बाटली घेऊन आली तेव्हा आबांनी दोन थेंब तळव्यावर घेतले, चोळले, हुंगले. तीळ आणि कापूर. मलाही कळलं, इतकं उघड होतं.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी. बाटली पदरात गुंडाळून मांडीवर घेतलेली. इतक्या वर्षांनी ती धुळ्याबाहेर पडली होती, वाऱ्याने केस उडत होते आणि ती गुणगुणत होती आखाजीचंच गाणं. मी मनात म्हटलं, आबा, एकदा सोडा हो. एकदा वरच्या थरावरून प्रत द्या, कोण विचारतंय तुम्हाला! अमळनेरला बस थांबली, तेव्हा अक्कानेच विचारलं, कसा आहे माल.

"खोटा शे," आबा म्हणाले.

अक्काचं गुणगुणणं थांबलं. तिने बाटली पिशवीत ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला आबांचा असा राग आला, की उठून दुसऱ्या बाकावर जावं. आणि मग त्या माणसाने जे केलं ते मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. आबांनी दावा केला.

"तू ऑपरेशन करी ले. आखाजीले तू झोकावर बसशी."

अक्काने वळून बघितलं. "कशावरनं? हात घालीसन देखं का तुम्ही?"

"नही," आबा म्हणाले. "पन मी सांगस ना."

हात घालून पाहिलेलं नाही, पण मी सांगतोय ना! नमुना नाही, पुरावा नाही, डॉक्टरला विचारलेलं नाही. डॉक्टर तर नंतर म्हणाला की झोकाबिका किमान तीन महिने विसरा, आणि ऑपरेशनपासून आखाजी जेमतेम दोन महिन्यांवर होती. अक्काने ऑपरेशन करून घेतलं. आबा सकाळ-संध्याकाळ तिला धरून ओट्यावर चालवायचे, स्वतःच्या हाताने पाय शेकायचे. पण जसजशी आखाजी जवळ आली तसतसा आबांचा चेहरा उतरत गेला. रोज कॅलेंडर बघायचे, अक्काच्या पायाकडे बघायचे. हजारो गाड्यांची प्रत दिलेला माणूस, पण स्वतःची गाडी केंद्रावर लागल्यावर काय वाटतं ते त्यांना पहिल्यांदाच कळत असावं. मला एकदा हळूच म्हणाले, मी बोलायला नको होतं.

आखाजीला मी मुद्दाम गेलो होतो. निंबाला झोका बांधलेला, लेकीबाळी जमलेल्या. आणि अक्का नवं लुगडं नेसून, काठी टेकत ओट्यावरून उतरली, झोक्यापाशी आली आणि बसली. उभी नाही राहिली, पण बसली. आबांनी दोन्ही दोर धरून एक हलका झोका दिला. अक्का हसली, तेच भिंतीपलीकडे ऐकू जाणारं हसू, आणि गाण्याची पहिली ओळ तिने उचलली. आबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, सगळ्यांदेखत.

दुपारी मी पाणी मागायला आत गेलो तर अक्का पलंगावर पडलेली, पाय उशीवर, आणि दाताखाली पदराचं टोक. घामाने चेहरा डबडबलेला. मी घाबरून आबांना हाक मारणार तर तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "जन्ममा एक डाव बोलना तो मानूस. तेन्हा शब्द खोटा कसा पडू देऊ? तुन्हा आबाले सांगू नको." जन्मात एकदाच बोलला हा माणूस, त्याचा शब्द खोटा कसा पडू देऊ. मी नाही सांगितलं. पावसाळा संपता संपता ती खरोखर चालायला लागली, बाजारात जायला लागली, पुढच्या आखाज्यांना झोक्यावर उभीसुद्धा राहिली. पण त्या पहिल्या आखाजीचं मी आजपर्यंत कुणाला बोललो नव्हतो.

अक्काला जाऊन आता दोन वर्षं झाली. आबांची बोटं बधिर झालीत, धागा कळत नाही म्हणतात. तरी निंबाला झोका तेच बांधून घेतात. यंदा मी गेलो तेव्हा गल्लीतल्या नव्या सुनांना ते गोष्ट सांगत होते: डॉक्टर तीन महिने म्हणाला, मी आखाजी म्हटलं, आणि बसली की नाही! सुना कौतुकाने ऐकत होत्या. मग आबा माझ्याकडे वळले. "तू होतास ना रे तेव्हा? हसत होती ना ती?"

"हसत होती, आबा," मी म्हणालो. ते खरंच होतं.

आता ते नेहमीचा प्रश्न विचारतील म्हणून मी अंग चोरून उभा राहिलो. वरचं सांगितलंस, खाली काय होतं ते सांग, असं काहीतरी. आबांनी माझ्याकडे एकदा निरखून बघितलं, पण ते विचारलं नाही. मग निंबाकडे वळले, बधिर बोटांनी दोराची गाठ चाचपली आणि एका लेकीला म्हणाले, बस गं, पक्की आहे.